परदेशी गेलेल्याचे डिपॉझिट कोण देणार?

"नवा भाडेकरू आला की त्याच्याकडून घेऊन तुमचे देतो." भिवंडी, मुंब्रा, कुर्ला, मालेगाव, कोठेही जा, घर किंवा गाळा खाली करणाऱ्याला हे एकच वाक्य ऐकायला मिळते. ऐकणाराही मान डोलावतो, जणू काही हा बाजाराचा कायदाच आहे. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ ग्रे कापडाचा धंदा करीत आहोत. "पार्टीचे पेमेंट आले की देतो" असे म्हणणारे आमच्या बाजारातही आहेत, आणि त्यांना पुढच्या खेपेला सुताची एक गोणी उधार मिळवताना काय यातायात करावी लागते, हे वाचक बंधूंना सांगायला नको. शिवाय तेथे मुदत ठरलेली असते, भावही उधारीचा लावलेला असतो. डिपॉझिटमध्ये यातले काहीच नाही. ते चावी परत केली त्या दिवशी देणे लागते. मग घरमालकाला ही सवलत कोणी दिली?

आमच्या मते ही सवलत आपणच दिली आहे, आणि तिचा सर्वांत मोठा फटका परदेशी गेलेल्या माणसाला बसतो.

आधी हिशेबाची गोष्ट बोलू. जुन्या पद्धतीने खतावणी लिहिणाऱ्या कोणत्याही मुनीमजींना विचारा. डिपॉझिट आले की ते भाडेकरूच्या खात्यावर जमा होते. खात्यावर जमा याचा अर्थ त्या माणसाचे आपल्याकडे येणे आहे. ती मालकाची कमाई नाही, ते देणे आहे. आता कोणी म्हणेल, ही अमानत आहे. ठीक आहे, अमानत असेल तर ती जशीच्या तशी राखून ठेवली पाहिजे. मालकाने ती सुतात घातली, मुलीच्या लग्नात घातली किंवा दुसरा गाळा घेतला, तर ते कर्ज झाले. अमानत म्हणा की कर्ज म्हणा, "नवा भाडेकरू" हा शब्द त्यात कोठेच बसत नाही. नवा भाडेकरू मिळणे न मिळणे ही मालकाच्या धंद्याची जोखीम आहे. ती जुन्या भाडेकरूच्या गळ्यात का?

तरीही इथे राहणारा माणूस रोज मालकाच्या दारासमोरून जातो. मशिदीत, बाजारात, लग्नात गाठ पडते. महिन्या-दोन महिन्यांत काही ना काही पदरात पडते. दम्माम, कुवेत किंवा दोहा येथे बसलेल्या माणसाचे तसे नाही. त्याला वर्षा-दोन वर्षांतून एकदा रजा. रजेत घर, आजारपण, नातेवाईक, लग्ने. कोर्टाच्या तारखेला तो विमानाने येणार नाही, हे मालक पक्के जाणून असतो. फोन उचलला नाही तर तो काय करणार? आणि मोहल्ल्यातील वडीलधारे काय म्हणतात? "मुलगा रियाल कमावतो, त्याला काय घाई आहे? सबूर करा." हे सबुरीचे बोल आम्हाला अजिबात मान्य नाहीत. सबूर करायला देणेकऱ्याला कोणी सांगत नाही, येणेकऱ्यालाच सांगतात!

आमच्या साडूंचा मुलगा दम्माममध्ये एसी मेकॅनिक आहे. बायको-मुले मुंब्य्रात भाड्याच्या घरात होती. भाडे महिना सात हजार, डिपॉझिट अडीच लाख. अडीच लाखांपैकी एक लाख भिशी उचलून आणलेले, बाकीचे आईच्या बांगड्यांचे. २०२२ च्या जून महिन्यात कुटुंबाचा व्हिसा झाला आणि सर्वजण गेले. चावी आदल्या संध्याकाळी मालकाच्या मुलाच्या हातात दिली. मालक आपल्यातलेच, पाच वक्ताचे नमाजी, वयाने आमच्याहून मोठे. पहिले तीन महिने तेच वाक्य: नवा भाडेकरू. चौथ्या महिन्यात आम्ही स्वतः त्या गल्लीतून गेलो, तर त्या घराच्या गॅलरीत कपडे वाळत होते. विचारले तेव्हा उत्तर आले की, नव्याचे डिपॉझिट कमी आले. पुढे एक यादी आली. रंगाचे चाळीस हजार, टाइल्सचे पंधरा हजार, दोन महिन्यांची आगाऊ सूचना दिली नाही म्हणून चौदा हजार. एकाचीही पावती नाही. वर, "मैं कहां भाग के जा रहा हूं?" खरेच आहे, पळून गेले नाहीत. फोन मात्र उचलायचे बंद केले. तिकडे दम्माममधून भिशीचा हप्ता दर महिन्याला येतच होता, भिशीवाला काही नव्या भाडेकरूची वाट बघत नव्हता.

मुलाने एकदा फोनवर विचारले, "खालू, सोडून देऊ का?" आम्ही म्हटले, बांगड्या तुझ्या आईच्या आहेत, सोडायचे तर तिला विचार. विषय तेथेच संपला.

शेवटी काय कामास आले ते सांगतो, कारण अशी प्रकरणे घरोघरी आहेत. पहिली गोष्ट, अडीच लाख बँकेतून मालकाच्या खात्यात गेले होते. त्यामुळे "दिलेच नाही" म्हणायची सोय नव्हती. दुसरी, सुनेने जाण्याच्या दिवशी सासूला दाखवायला म्हणून रिकाम्या घराचा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता. भिंती, टाइल्स, नळ, सारे त्यात दिसत होते. पुराव्याचा विचार तिच्या मनातही नव्हता, पण पंचावन्न हजारांच्या यादीवर तेच उत्तर ठरले. तिसरी गोष्ट मुखत्यारपत्राची. सौदीत आपला दूतावास रियाधला आणि वाणिज्य दूतावास जेद्दाहला. दम्मामहून रियाध सुमारे चारशे किलोमीटर. मुलाने रजा टाकली, तेथे जाऊन वडिलांच्या नावे मुखत्यारपत्र साक्षांकित करून पाठविले. मग वकिलाची नोटीस गेली. मालकांनीही वकिलाकडून उत्तर दिले, आणि त्या उत्तरात डिपॉझिट घेतल्याचे कबूल करून बसले. त्यानंतर बैठक झाली. दोन लाख वीस हजार दोन चेकने आले, तीस हजार रंगाचे म्हणून सोडले. चावी दिल्यापासून सोळा महिने लागले. तीस हजार सोडणे आम्हाला पटले नव्हते, पण मुलाला विषय संपवायचा होता आणि पैसा त्याचा होता.

त्या बैठकीपूर्वी मालकाच्या मुलाने एक मुद्दा काढला होता, तो सर्वांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. पहिला अकरा महिन्यांचा करार नोंदणीकृत होता, पुढची मुदतवाढ मात्र तोंडी. तो म्हणाला, करारच नाही तर डिपॉझिट कसले? वास्तविक कायदा नेमका उलटा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ नुसार भाडेकरार किंवा लीव्ह अँड लायसन्स लेखी करून नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. नोंदविला नाही तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, मालक उलट सिद्ध करीपर्यंत, ग्राह्य धरले जाते. शिवाय मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे नोंदणी नसल्याची भीती मालकाला वाटली पाहिजे. आपल्याकडे भाडेकरूच घाबरतो, कारण करारनामा इंग्रजीत असतो आणि सही उर्दूत. आम्हीही उर्दू शाळेत शिकलो. कायद्याची भाषा वकिलांच्या ओट्यावर बसून शिकावी लागली. ज्याला वाचता येत नाही त्याने सहीपूर्वी कोणाकडून तरी वाचून घ्यावे, यात कमीपणा नाही. कुरआनमध्ये सूरह बकराच्या २८२व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याची लिखापढी करण्याचा आणि साक्षीदार ठेवण्याचा आदेश आहे. आपण तो वाझमध्ये ऐकतो आणि व्यवहाराच्या वेळी "आपसातला मामला आहे" म्हणून कागद बाजूला ठेवतो.

मुदतीचे म्हणाल तर पैसे मागण्याचा दावा, देणे झाले त्या दिवसापासून तीन वर्षांत करावा लागतो. पुष्कळांचा समज असा की, आपण परदेशात आहोत तोवर मुदत थांबते. तसे नाही. देणेकरी भारताबाहेर असेल तर तो काळ वगळला जातो, येणेकरी बाहेर असेल तर नाही. आणि "देतो, देतो" या तोंडी वायद्याने मुदत एक दिवसही वाढत नाही. मुदतीच्या आत मालकाने सहीनिशी देणे कबूल केले तर मात्र तेथून नवी तीन वर्षे मिळतात. थोडी रक्कम देऊन तशी सहीची नोंद केली तरीही. म्हणून मालक गोड बोलतो तेव्हाच चार ओळी लिहून घ्याव्यात. रागाने बोलू लागल्यावर कोण लिहून देणार? व्हॉट्सअपवरचे संदेशही जपून ठेवावेत. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाप्रमाणे ते कोर्टात दाखविताना प्रमाणपत्र जोडावे लागते, ते वकील करून देतात. मोबाइल बदलताना जुना मोबाइल मुलांना खेळायला देऊ नये, एवढे पुरे.

मुखत्यारपत्राबाबत दोन गोष्टी. शक्य असेल तर विमानात बसण्यापूर्वी इथेच करून ठेवावे, रियाधची खेप वाचते. परदेशातून पाठविलेले असेल तर ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते. कपाटात वर्षभर ठेवून मग कोर्टात नेले तर अडचण येते. त्यात केवळ "माझ्या वतीने काम पाहावे" एवढे लिहून चालत नाही. रक्कम मागणे, नोटीस देणे, रक्कम स्वीकारून पावती देणे, वकील नेमणे, दावा लावणे, तडजोड करणे, हे सर्व अधिकार नावानिशी लिहावेत. दुसरे असे की, मुखत्यार दावा चालवू शकतो, पण जे फक्त मूळ माणसाला ठाऊक आहे त्याची साक्ष तो देऊ शकत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानकी वाशदेव भोजवानी प्रकरणात हे स्पष्ट केले आहे. तेव्हा डिपॉझिट देताना आणि चावी परत करताना जो माणूस हजर असेल, त्यालाच शक्यतो मुखत्यार करावे. परदेशातून व्हिडिओद्वारे साक्ष देण्याचा मार्ग कोर्टाच्या परवानगीने मोकळा आहे. २००३ साली डॉ. प्रफुल्ल देसाई प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी साक्ष मान्य केली. पण दलालाला किंवा भावाला सोबत ठेवणे त्याहून सोपे आणि फुकटचे.

पोलिसांत जाऊन उपयोग होतो का, असे लोक विचारतात. बहुधा "हा दिवाणी मामला आहे" असे सांगून परत पाठवितात, आणि नुसते डिपॉझिट न देणे हे दिवाणीच आहे. त्यापेक्षा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या विधी सेवा प्राधिकरणाकडे दाव्यापूर्वीच अर्ज करता येतो. मामला लोकअदालतीत जातो. कोर्ट फी नाही, तडजोड झाली तर तिला कोर्टाच्या हुकुमाचे बळ असते आणि अपील नाही. मालक आलाच नाही किंवा कबूल झालाच नाही तर मात्र लोकअदालत काही लादू शकत नाही, मग कोर्टच. मालकाने डिपॉझिटपोटी चेक दिला आणि तो परत आला, तर व्यापारी बांधवांना १३८ कलम शिकवायला नको. बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस, पंधरा दिवस वाट, त्यानंतर महिन्याभरात फिर्याद. परदेशात बसून हे दिवस हातातून निसटतात, म्हणून चेक इथल्या माणसाकडे असावा. आणि "तुझे खाते परदेशी, पैसे कसे टाकू?" ही सबब तर हास्यास्पद आहे. परदेशी गेलेल्याचे एनआरओ खाते भारतातच असते, रुपयांतच असते, त्यात इथून चेक भरता येतो.

काही लोक सल्ला देतात की, पैसे हातात पडेपर्यंत चावीच देऊ नका. बाजारात बँकेतून कागद सोडविल्याशिवाय माल सुटत नाही, त्याच न्यायाने हा सल्ला बरोबर वाटतो. पण सावध. मुदत संपल्यावर जागा अडविली तर लायसन्सच्या जागेत दुप्पट दराने भरपाई देण्याची तरतूद त्याच १९९९ च्या कायद्यात, कलम २४ मध्ये आहे. व्हिसा आल्यावर लढायला सवडही नसते. म्हणून मुदत संपण्यापूर्वी महिनाभर आधी मालकासह घर पाहावे, वीजबिल आणि सोसायटीचे देणे फेडून त्याच्या पावत्या ठेवाव्यात, आणि कपात काय होणार ते तेव्हाच कागदावर घ्यावे.

मालकांची बाजूही आम्हाला ठाऊक आहे. सहा महिन्यांचे वीजबिल थकवून, दरवाजे मोडून निघून गेलेले भाडेकरू आम्ही पाहिले आहेत. त्याची कपात पावती दाखवून जरूर करावी. रक्कम एकदम उभी राहत नसेल तर बाजारात जसे करतो तसे करावे, तारखा ठरवून चेक द्यावेत. अडचण कोणाला येत नाही? राग येतो तो वापरलेल्या पैशावर मेहेरबानीच्या भाषेत बोलण्याचा.

मुंब्रा-भिवंडीत तर "हेवी डिपॉझिट"चा रिवाज वाढला आहे. पाच-सात लाख द्यायचे आणि भाडे नाममात्र किंवा शून्य. रक्कम देऊन तिच्या बदल्यात घराचा फायदा घ्यायचा, हा व्याजाचा प्रकार होतो की नाही हे उलेमांना जरूर विचारावे. आम्ही व्यापारी म्हणून एवढेच पाहतो की, पाच लाख मालकाकडे पडून असणे हे पाच लाखांचे विनातारण कर्ज आहे. एवढ्या रकमेचे कर्ज आपण ओळखीच्या व्यापाऱ्यालाही चिठ्ठीशिवाय देत नाही! त्यात रोखीने देणारे अजून आहेत. २०१७ पासून दोन लाख किंवा अधिक रक्कम रोख स्वीकारण्यास मनाई आहे, हे तरी निदान मालकाला ठाऊक असायला हवे.

हीच गोष्ट इंग्लंडात कशी आहे ते तेथे राहणारे आपले कोकणी बांधव सांगतात. ६ एप्रिल २००७ पासून तेथे घराचे डिपॉझिट सरकारमान्य योजनेत नोंदवून सुरक्षित ठेवावे लागते, आता तीस दिवसांच्या आत. तसे केले नाही तर कोर्ट मालकाला डिपॉझिटच्या एकपट ते तिप्पट रक्कम भाडेकरूस द्यायला लावू शकते. कपातीचा वाद योजनाच फुकट सोडविते. दुबईत २००७ च्या कायद्याने करार संपल्यावर डिपॉझिट परत करणे मालकावर बंधनकारक केले आणि २०१३ पासून भाड्याच्या वादांसाठी वेगळे केंद्र आहे. जे बांधव आता दुबईहून कायमचे परत येत आहेत, त्यांनी तिकडचे डिपॉझिट राहिले असेल तर तेथील विश्वासू माणसाच्या नावे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करून ठेवावे. आपल्याकडे केंद्राने २०२१ साली नमुना भाडेकरू कायदा मंजूर केला. त्यात घरासाठी दोन महिन्यांचे, दुकान-गाळ्यासाठी सहा महिन्यांचे भाडे एवढीच डिपॉझिटची मर्यादा आहे, आणि जागेचा ताबा परत घेतला त्याच दिवशी रक्कम परत करावी असे म्हटले आहे. पण तो नमुना आहे. राज्याने स्वतःचा कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही.

तोवर मोहल्ल्याच्या जमातीने आणि बाजारातील मंडळांनी एवढे करावे, असे आम्ही सुचवितो. कापडाच्या उधारीच्या भांडणात आपण पंच बसवितो, दोघांच्या वह्या मागवितो. डिपॉझिटच्या भांडणातही तसेच बसावे. परदेशातला मुलगा फोनवर असला तरी चालेल, त्याची बाजू त्याच्या तोंडून ऐकावी. आणि घर घेऊ पाहणाऱ्या नव्या भाडेकरूने दलालाला पहिला प्रश्न भाड्याचा न करता हा करावा की, आधीचा भाडेकरू कोण होता आणि त्याचे डिपॉझिट मिळाले का. शक्य तर त्याला फोनच लावावा. त्याचे अडकले असेल तर आपली रक्कम कोणाचे देणे फेडायला चालली आहे, हे तरी कळेल. करारनामा टाईप होताना एक ओळ जास्त घालून घ्यावी: "डिपॉझिटची रक्कम जागेचा ताबा परत दिल्याच्या दिवशी बँकेमार्फत परत केली जाईल, नवीन भाडेकरू मिळण्याशी तिचा संबंध राहणार नाही, आणि भाडेकरू परदेशी असल्यास अमुक व्यक्तीला ती स्वीकारण्याचा अधिकार राहील." अमुकच्या जागी नाव, वडिलांचे नाव आणि पत्ता पूर्ण लिहावा.